उंची साठ मीटर, पण कुठून?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: गुहागर तालुक्यात डोंगरउतारावर आठ एकर आंब्याच्या कलमांची बाग आहे. ड्रोनच्या ॲपमध्ये बागेची हद्द आखली की ते फेऱ्या आपोआप ठरवतं, फोटो आपोआप काढतं. तरीही ते जोडून तयार झालेल्या नकाशात वरच्या अंगाला भोकं पडतात आणि दोनदा काम मध्येच थांबलं. ॲप बदलू का?

नका बदलू. निदान आज तरी नको. मी रत्नागिरीकडे मोजणीची कामं करतो. चार-पाच ॲपं वापरून झाली, प्रत्येकाचं रडगाणं वेगळं. पण तुमची भोकं ज्या खोडीमुळे पडतायत असा मला दाट संशय आहे, ती जवळजवळ सगळ्यांत सापडते. स्क्रीनवर ‘उंची’ नावाचं एक खोकं असतं. तुम्ही त्यात ६० लिहिता. साठ मीटर कुठून, ते खोकं सांगत नाही. तुम्हाला वाटतं जमिनीपासून. ॲपला वाटतं, ड्रोन जिथून उडाला त्या जागेपासून. सपाट शेतात या दोन्हीत काही फरक नाही, आणि ही ॲपं बनवणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर बहुधा सपाट शेतच असतं. आपल्याकडे खालच्या आगरातून निघून पाखाडीने, म्हणजे दगडी पायवाटेने, सड्यावर, म्हणजे डोंगरमाथ्याच्या पठारावर, पोचेपर्यंत धाप लागते.

माझी फजिती सांगतो. सुरुवातीच्या दिवसांत खाडीकाठच्या एका बागेत गेलो होतो. गाडी जाते तिथूनच उडवायचं, हा नवशिक्याचा नियम, आणि गाडी जात होती खालच्या आगरापर्यंत. डिसेंबरअखेर होती, मोहोर नुकता फुललेला. ज्यांची बाग ते काका सुपारी कातरत शेजारी उभे. ड्रोन खालच्या फेऱ्या संपवून वर सरकला, आणि काकांचा अडकित्ता थांबला.

‘ते खाली येतंय हो.’

‘नाही काका, साठावरच आहे. हे बघा.’

त्यांनी स्क्रीनकडे बघितलंसुद्धा नाही. ‘तुझ्या त्या काचेवर असेल साठ. माझ्या कलमाच्या शेंड्याला आलंय ते. मोहोर झडला तर भरून देणार आहेस का तू?’

मी मान वर केली. ड्रोन एका रेषेत, जराही न हलता चालला होता. डोंगर मात्र त्याच्याकडे चढत होता. घाईने थांबवायचं बटण दाबलं, तर पुढे दोन बटणं आली, एकाच आकाराची, एकमेकांना चिकटून. एक ‘पुढे चालू’चं, दुसरं ‘संपवा’चं. घामेजलेला अंगठा कुठे पडणार? संपलं. ड्रोन परत आला, बॅटरी बदलली, आणि ॲप पुन्हा पहिल्या फेरीपासून सुरू झालं. झालेल्या कामाची त्याला आठवणच नव्हती.

आता भोकांचं गणित बघा, म्हणजे दोष कुठे आहे ते दिसेल. समजा कॅमेरा ‘एक इंची’ सेन्सरचा आहे. (तो कुठल्याच बाजूने एक इंच नसतो, १३.२ बाय ८.८ मिलिमीटर असतो. या धंद्यातली नावं अशीच.) लेन्सची फोकल लांबी ८.८ मिमी. साठ मीटरवरून अशा एका फोटोत जमिनीचा ९० बाय ६० मीटरचा तुकडा येतो. नकाशा जुळायला फोटो एकमेकांवर चढलेले लागतात, छपरावर कौलं चढवतो तसे. पुढे-मागे ७५ टक्के आणि बाजूला ७० टक्के ओव्हरलॅप धरला तर ॲप दर १५ मीटरला फोटो काढतं आणि दोन फेऱ्यांमध्ये २७ मीटर अंतर ठेवतं. इथपर्यंत बरोबर.

पण बागेचं वरचं टोक खालच्यापेक्षा ४० मीटर उंच असेल तर तिथे ड्रोन जमिनीपासून फक्त २० मीटरवर असतो. फोटोत मावतो ३० बाय २० मीटरचा तुकडा. फेऱ्या मात्र २७ मीटरवरच. बाजूचा ओव्हरलॅप ७० टक्क्यांवरून १० टक्क्यांवर येतो. त्यात जुनी कलमं दहा मीटरची असतील तर शेंडा कॅमेऱ्यापासून दहा मीटरवर, आणि त्या पातळीला फोटोची रुंदी उरते १५ मीटर. म्हणजे दोन फेऱ्यांच्या मधल्या झाडांचे शेंडे एकाही फोटोत येत नाहीत. कौल कौलाला पोचतच नाही, मग गळणार नाही तर काय? ॲप मात्र शेवटपर्यंत ‘ओव्हरलॅप ७० टक्के’ असंच दाखवत राहतं, कारण त्याने तो एकदाच, टेक-ऑफच्या पातळीवर मोजलेला असतो.

म्हणून पहिला उपाय फुकटातला आहे: वरून उडवा. ड्रोनची पेटी पाठीला लावा आणि बागेच्या सगळ्यात उंच कोपऱ्यात जा. तिथून साठ मीटर ठेवलात तर वर साठ मिळतील आणि खालच्या टोकाला शंभर. खाली एका पिक्सेलमध्ये जमीन साधारण १.६ ऐवजी २.७ सेंटिमीटर येईल, म्हणजे बारकावा थोडा कमी होईल. पण ओव्हरलॅप खाली वाढतो, कुठेही कमी होत नाही, आणि झाडावर आदळायची भीती जाते. वरून ड्रोन नजरेसमोर राहतो, त्यामुळे सिग्नलही तुटत नाही. आठ एकरांना हे पुरतं.

फक्त उतार किती आहे ते आधी बघा. ड्रोन नियम २०२१ प्रमाणे ग्रीन झोनमध्ये (जिथे उडवायला वेगळी परवानगी लागत नाही) मर्यादा ४०० फूट, म्हणजे १२० मीटर, आणि चालू विमानतळाच्या हद्दीपासून ८ ते १२ किलोमीटरच्या पट्ट्यात २०० फूट. ही उंची जमिनीपासूनची धरायची. ॲपमधली कमाल उंची इथेही टेक-ऑफपासूनच मोजली जाते. सड्यावरून उडवून ऐंशी मीटर खोल खाडीवर गेलात तर नियम मोडलेला असतो आणि ॲप गप्प. उतार साठ मीटरहून जास्त असेल तर बागेचे दोन तुकडे करा, वरचा आणि खालचा, प्रत्येकाचं उड्डाण त्याच्या त्याच्या माथ्यावरून. आणि ॲपमधल्या हिरव्या-लाल रंगांवर विसंबू नका. ते बनवणाऱ्या कंपनीचे असतात. सरकारी नकाशा ‘डिजिटल स्काय’ या संकेतस्थळाचा, तो वेगळा उघडून बघावा लागतो.

कोणीतरी तुम्हाला सांगेल की ‘टेरेन फॉलो’ चालू करा, ड्रोन आपोआप डोंगराबरोबर वर-खाली होईल. होतो. पण जमिनीची उंची त्याला कुठून कळते? बऱ्याच ॲपांच्या मागे २००० सालच्या फेब्रुवारीत अंतराळयानातून रडारने केलेली मोजणी असते. तिचा एक चौकोन साधारण तीस मीटरचा, आणि त्या मोहिमेचं उद्दिष्टच सोळा मीटरच्या आतली चूक चालेल असं होतं. आपल्याकडे जांभ्याचा कडा पाच पावलांत पंधरा मीटर उतरतो. तो त्या चौकोनात विरघळून गुळगुळीत उतार होतो. तुमच्या आजोबांनी लावलेले माड आणि मागच्या वर्षी उभा राहिलेला मोबाईलचा मनोरा यांचं नाव तर त्यात शोधूच नका. टेरेन फॉलो वापरायचंच तर साठाऐवजी ऐंशी लिहा, आणि पहिली फेरी बोट थांबवायच्या बटणावर ठेवूनच करा. उंचीची ही माहिती इंटरनेटवरून उतरते, तेव्हा ती घरीच उतरवून घ्या. रेंज नसली की काही ॲपं चूक न दाखवता सपाट जमीन धरून पुढे जातात. मला हे कळलं तेव्हा मी कड्याच्या टोकावर उभा होतो.

रेंजवरून आठवलं. एका सकाळी कामगार, मालक, दोन चार्ज केलेल्या बॅटऱ्या, सगळं जागेवर, आणि ॲप म्हणतं पुन्हा लॉगिन करा. ओटीपी येणार फोनवर, फोनला रेंज नाही. वाडीतल्या देवळाच्या पारावर एक कांडी रेंज मिळते असं कळलं. तिथे जाऊन, ओटीपी घेऊन परत येईपर्यंत अर्धा तास गेला. तेव्हापासून निघायच्या आदल्या रात्री मी ॲप उघडून बागेचा नकाशा पूर्ण झूम करून बघतो, मग फोन विमान मोडवर टाकून पुन्हा उघडतो. तिथे जे चाललं तेच बागेत चालणार. उडवतानाही विमान मोडच. ऐन फेरीत कोणाचा फोन आला आणि ॲप मागे गेलं तर काय होईल ते ॲपगणिक वेगळं आहे. तुमचं काम दोनदा थांबलं त्यातलं एक असंच असावं अशी मला शंका आहे. दुसरं कारण उन्हाचं असू शकतं. पूर्ण उजेडावर ठेवलेला फोन उन्हात तापतो, मग स्वतःच काळोखी करतो किंवा ॲप बंद पाडतो. मी पुठ्ठ्याचं झापड करून वर लावतो. दिसायला विनोदी आहे, पण स्क्रीन दिसते.

हद्द आखण्याबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, पण माझा सगळ्यात जास्त राग त्यावर आहे. कोपऱ्याचा ठिपका बोटाने ओढायचा, आणि नेमका तोच ठिपका बोटाखाली झाकला जातो. नकाशा सरकवायला गेलं की ठिपका सरकतो. मागे घ्यायचं बटण असलं तर नशीब. आणि एक ठिपका हलला की ॲप फेऱ्यांचा कोन पुन्हा स्वतः ठरवतं, कमीत कमी वळणं येतील असा. त्याला वळणं दिसतात, चढ दिसत नाही. उतारावर फेऱ्या आडव्या हव्यात, समोच्च रेषांना (सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या रेषांना) धरून, म्हणजे एका फेरीत जमीन फार वर-खाली होत नाही. कोन हाताने टाका आणि उडवण्याआधी पुन्हा एकदा तपासा, तो बदललेला असू शकतो.

मी हद्द फोनवर आखतच नाही. घरी संगणकावर गूगल अर्थमध्ये आखतो, केएमएल (नकाशावरची हद्द साठवणारी) फाईल करतो आणि ॲपमध्ये घेतो. तरी त्या चित्रातला गडगा (दगडी कुंपण) खऱ्या गडग्यापासून काही मीटर सरकलेला असू शकतो, उतारावर जास्तच. म्हणून हद्द चारही बाजूंनी एक फेरी जास्त धरून आखा. क्षेत्र सातबाऱ्याशी जुळत नाही म्हणून ती आवळू नका. आठ एकर म्हणजे सव्वातीन हेक्टरच्या आत-बाहेर, सातआठ फेऱ्यांचा खेळ. एक फेरी वाढली तर दोन मिनिटं जातील. खालच्या बाजूला खाडी असेल तर पाणी मात्र हद्दीत घेऊ नका. हलत्या पाण्याचे दोन फोटो एकमेकांशी जुळत नाहीत, तिथे भोकं पडणारच, आणि त्यात ॲपचा काही दोष नाही.

वेळ सकाळची, आठ ते साडेदहा. फार लवकर नको. उजेड कमी असला की कॅमेरा शटर हळू करतो. सेकंदाला सहा मीटर वेगात १/१०० चं शटर पडलं तर तेवढ्यात ड्रोन सहा सेंटिमीटर पुढे गेलेला असतो, म्हणजे साठ मीटरवरून जवळजवळ चार पिक्सेलचा ओरखडा. अकराच्या पुढे खारे वारे सुटतात, कड्याला आपटून वर उसळतात. ‘बॅटरी पुरेल’ हा ॲपचा अंदाज वारा नसताना केलेला असतो. तीस टक्के उरले की मी परत बोलावतो, ॲप काहीही म्हणो. आणि घार जवळ घिरट्या घालायला लागली तर फेरी सोडून द्या. ड्रोन सरळ वर घ्या आणि मग परत आणा.

ॲप बदलायचंच असेल तर बदलण्याआधी एकच गोष्ट तपासा: उंचीच्या खोक्याशेजारी ‘कशापासून’ हे निवडायला मिळतं का. मिशन प्लॅनर या उड्डाण आखायच्या संगणकी प्रोग्रॅममध्ये मिळतं. टेक-ऑफपासून, समुद्रसपाटीपासून की जमिनीपासून, तिन्ही पर्याय समोर असतात. पण ते आर्डूपायलट नावाच्या, ड्रोन चालवणाऱ्या सॉफ्टवेअरवर चालणाऱ्या ड्रोनसाठी आहे आणि लॅपटॉप बागेत न्यावा लागतो. दिसायला ते जुन्या तलाठी दप्तरासारखं आहे, सगळं आहे पण सापडत नाही. तुमचा ड्रोन कोणता ते तुम्ही लिहिलं नाहीत, त्यामुळे तो त्यावर चालेल की नाही ते मला इथून सांगता येणार नाही.

टेक-ऑफ नक्की कुठून केला होता आणि बागेच्या खालच्या-वरच्या टोकात साधारण किती मीटरचा फरक आहे, एवढं खाली लिहा. फेऱ्यांचा स्क्रीनशॉट असेल तर तोही टाका. भोकं पडली त्या फेऱ्या कुठल्या, ते त्यावरून काढता येईल.