पुस्तकातलं फिल्डवर चालतं का?

सोशल वर्कर मंडळी समुपदेशनासाठी माझ्याकडे येतात ती बहुतेक दमलेली असतात. झोप लागत नाही, घरी चिडचिड होते, एखादी केस डोक्यातून जात नाही, अशी सुरुवात होते. दोन-तीन भेटींनंतर मात्र एक वाक्य हमखास येतं, "मॅडम, ते संशोधन वगैरे ठीक आहे, पण फिल्डवर काही वेगळंच असतं." कोणी म्हणतं वाचायला वेळ नाही, कोणी म्हणतं ती भाषाच डोक्यावरून जाते, कोणी म्हणतं माझ्यासारखी केस त्यांनी पाहिलेलीच नसते. तिन्ही तक्रारी खऱ्या आहेत. तरी त्यांच्या तळाशी मला बहुतेक वेळा दुसरंच काही सापडलं आहे, आणि ते एकदा मांडावं असं बरेच दिवस मनात होतं.

मृणालची गोष्ट सांगते. नाव बदललं आहे, आणि ओळख पटू नये म्हणून दोघी-तिघींचे तपशील तिच्यात मिसळले आहेत.

शाळा सुटलेल्या, पोलिसांत नाव गेलेल्या मुलांसोबत मृणाल काम करायची. वय साधारण तेरा ते सतरा. दर आठवड्याला त्यांचा गट बसायचा आणि त्या गटावर तिचा फार जीव. एक दिवस नव्याने आलेल्या वरिष्ठांनी तिच्या टेबलावर एक शोधनिबंध ठेवला. अशी मुलं एकत्र आणली की एकमेकांच्या संगतीने आणखी बिघडू शकतात, असा त्याचा आशय. "गट बंद करण्याचा विचार करू या," एवढंच बोलून ते गेले. माझ्यासमोर बसली तेव्हा तिचा राग मावत नव्हता.

"ज्यांनी हे लिहिलंय ना, त्यांनी एक दुपार माझ्या पोरांमध्ये येऊन बसावं."

"तुम्ही वाचलात तो निबंध?"

"शीर्षक वाचलं. तेवढं पुरे झालं."

अशा वेळी समजूत घालण्याचा मोह होतो. संशोधन का महत्त्वाचं, ते कसं वाचावं, सगळं जिभेवर येतं. मी थांबते. माझी जडणघडण मानसशास्त्रज्ञ कार्ल रॉजर्स यांच्या विचारांत झाली आहे. समोरच्याचं ऐकून घेतल्याशिवाय त्याला काही देता येत नाही, यावर माझा पक्का विश्वास आहे. मानसशास्त्रज्ञ विल्यम मिलर यांनी दारूची समस्या असलेल्यांबरोबरच्या कामावर लिहिताना १९८३ मध्ये हेच मांडलं. बदलाची बाजू आपण लढवायला लागलो, की समोरचा माणूस आहे त्याच ठिकाणी घट्ट पाय रोवतो. व्यसनी माणसाबद्दल आपण हे चटकन मान्य करतो. सहकाऱ्याच्या टेबलावर निबंध ठेवून निघून जाताना ते कोणाच्या लक्षात राहत नाही.

म्हणून मी निबंधाची बाजू घेतलीच नाही. पुढच्या एका भेटीत विचारलं, "तो उघडलात, तर आत काय निघेल असं वाटतं?"

बराच वेळ ती ओढणीच्या टोकाशी चाळा करत राहिली. मग म्हणाली, "इतकी वर्षं मी त्या पोरांचं वाटोळं करत होते, असं निघेल."

आणि लगेच पुढे, "पण असं कसं असेल? मोठी झालेली पोरं रस्त्यात भेटतात. ताई, तुमच्यामुळे सुधारलो म्हणतात. ते काय खोटं बोलतात?"

तेव्हा मी तिला विचारलं, एक जुनी हकिकत सांगू का? तिने मान हलवली.

अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्यात केंब्रिज आणि समरव्हिल ही शेजारशेजारची गावं. रिचर्ड कॅबट हे तिथले डॉक्टर. १९०५ साली बोस्टनच्या मोठ्या रुग्णालयात समाजकार्य सुरू करणारे हेच. सोशल वर्कर्सवर त्यांचा लोभ होता, म्हणूनच १९३१ मध्ये समाजकार्याच्या राष्ट्रीय परिषदेत त्यांनी कळकळीने सांगितलं की आपल्या कामाचं फळ मोजून पाहा. मग त्यांनी स्वतःच ते मनावर घेतलं. ५०६ मुलगे निवडले. वय, स्वभाव, घरची परिस्थिती पाहून सारख्या मुलांच्या जोड्या लावल्या आणि प्रत्येक जोडीत नाणं उडवून ठरवलं की मदत कोणाला द्यायची. १९३९ मध्ये काम सुरू झालं. निवडलेल्या मुलाच्या घरी कार्यकर्ता नियमित जायचा. शिकवणी, औषधोपचार, उन्हाळी शिबिर, हवं ते मिळायचं. जोडीतला दुसरा मुलगा आपलं नेहमीचं आयुष्य जगत राहिला. सरासरी पाच वर्षं हे चाललं. जीव ओतून केलेलं काम होतं ते.

तीस वर्षांनी संशोधक जोन मॅकॉर्ड यांनी त्या मुलांचा, म्हणजे आता पन्नाशीकडे निघालेल्या पुरुषांचा, शोध घेतला. मदत मिळालेल्यांपैकी दोन तृतीयांश लोकांनी सांगितलं की त्या प्रकल्पाचा आपल्याला फायदा झाला. काहींनी त्या कार्यकर्त्यांची मनापासून आठवण काढली. पण कोर्टाच्या, दवाखान्यांच्या आणि मृत्यूच्या नोंदी तपासल्या तेव्हा चित्र उलटं निघालं. दुसऱ्यांदा गुन्हा करणं, दारूच्या आहारी जाणं, गंभीर मानसिक आजार, लवकर मृत्यू, या सगळ्यांत मदत मिळालेल्या मुलांची अवस्था त्यांच्या जोडीदारांपेक्षा वाईट होती. हे १९७८ मध्ये प्रसिद्ध झालं.

मृणाल गप्प झाली. मीही बोलले नाही.

"म्हणजे त्या लोकांनी खोटं सांगितलं नव्हतं," ती म्हणाली.

"नाही."

"त्यांना खरंच तसं वाटत होतं."

"हो."

"मग मॅडम," तिचा आवाज बदलला होता, "मला कळणार कसं?"

या प्रश्नासाठीच मी इतके दिवस थांबले होते. माझ्या कामातले मला जपून ठेवावेसे वाटणारे क्षण असेच असतात. कॅबट यांनी ज्या प्रश्नापासून सुरुवात केली, तोच प्रश्न मृणालने स्वतःच्या तोंडाने, स्वतःच्या पोरांबद्दल विचारला होता. कोणी टेबलावर आणून ठेवला नव्हता. 'माझ्या केसला हे लागू पडत नाही' या वाक्यामागे मला पुन्हा पुन्हा सापडलेली गोष्ट हीच. माणसाला वाटत असतं की तो निबंध आपल्या आजवरच्या कष्टांवर निकाल देणार. निकालाची धास्ती असेल तोवर कोणी मोकळ्या मनाने वाचू शकत नाही, वेळ कितीही असो. 'मला कळणार कसं' हे एकदा मनातून आलं, की वाचायला वेळही सापडतो आणि अवघड भाषाही हळूहळू सुटते. हे मी खूप जणांच्या बाबतीत पाहिलं आहे.

त्यानंतर तिने निबंध वाचला. शिवाय तो कोणाच्या कामावर आधारलेला आहे, ते शोधत मागे गेली. मॅकॉर्ड यांनी आपल्या नोंदी पुन्हा चाळल्या होत्या आणि नुकसान मुख्यतः एकाहून जास्त वेळा उन्हाळी शिबिराला गेलेल्या मुलांत दिसलं होतं. तसंच मानसशास्त्रज्ञ टॉमस डिशियन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९६ मध्ये २०६ मुलांचं आपापल्या मित्रांशी चाललेलं बोलणं चित्रित करून तपासलं. नियम मोडण्याच्या गोष्टींना जिथे मित्र हसून दाद द्यायचे, तिथे पुढच्या काळात गैरवर्तन वाढलेलं आढळलं.

"हसणं," मृणाल मला म्हणाली. "मॅडम, मी इतकी वर्षं गटात बसते, पण कोण कशाला हसतं हे कधी पाहिलंच नाही."

पुढच्या गटसत्राला ती वही घेऊन बसली. पान उभं दुमडलं. एका बाजूला नियम मोडण्याच्या गोष्टीला मिळालेलं हसू, दुसऱ्या बाजूला बाकी कशालाही मिळालेली दाद. एका मुलाने दुसऱ्याची मोटारसायकल कशी पळवली आणि गल्लीबोळांतून कसा निसटला हे रंगवून सांगितलं. पोरं हसून हसून लोळली. त्याच्या आधी एक जण म्हणाला होता की आपल्याला गॅरेजमध्ये काम मिळालं. त्यावर कोणीच काही बोललं नव्हतं. डावी बाजू रेघांनी भरली होती, उजवीकडे जेमतेम दोन-तीन. आणि डावीकडच्या एका रेघेसमोर तिने स्वतःचं नाव लिहिलं होतं. मोटारसायकलच्या गोष्टीला ती स्वतःही हसली होती.

ती वही तिने माझ्यापुढे ठेवली तेव्हा मला तिचं फार कौतुक वाटलं. आधीच्या भेटींत शीर्षकसुद्धा सहन न होणारी हीच बाई.

गट बंद झाला नाही. तिने वरिष्ठांशी बोलून तो बदलला. सोबत आणखी एक मोठं माणूस बसू लागलं. नुसत्या गप्पांऐवजी हाताला काम आलं. गटात पोलिसांत नाव न गेलेली मुलंही आली. सत्र संपल्यावर पायऱ्यांवर रेंगाळण्याचा जो वेळ असायचा, खरा बाजार तिथेच भरतो हे तिच्या लक्षात आलं होतं. तो वेळ तिने जवळजवळ संपवला. गॅरेजचं बोलणं निघालं की ती थांबून चार प्रश्न विचारू लागली. यातली एकही गोष्ट निबंधात 'असं करा' म्हणून लिहिलेली नव्हती. कुठे पाहायचं ते निबंधाने सांगितलं, काय करायचं ते तिच्या अनुभवाने आणि त्या मुलांनी.

हे मी मुद्दाम ठासून सांगते, कारण एका निबंधाच्या जोरावर गट बंद करणं हीसुद्धा चूकच ठरली असती. याच विषयावर २००५ मध्ये बार वाइस आणि सहकाऱ्यांनी अनेक अभ्यास एकत्र तपासले आणि गटामुळे होणाऱ्या नुकसानीची भीती वाजवीपेक्षा जास्त असावी असं मत मांडलं. संशोधक आपसात वाद घालतात, आणि तो वाद आपल्या कामाचा असतो. १९९६ मध्ये डेव्हिड सॅकेट यांनी डॉक्टरांसाठी जे सांगितलं ते आपल्यालाही तितकंच लागू आहे. उपलब्ध असलेला सर्वांत चांगला पुरावा आणि स्वतःचा अनुभव, दोन्ही हवेत. त्यात समोरच्या माणसाला काय हवं आहे हेही धरायचं. एकाच्या बळावर बाकीचे बाजूला सारले की काम बिघडतं.

तुम्हीही याच पेचात असाल, तर विषय घेऊन वाचायला बसू नका. 'किशोरवयीन गुन्हेगारी' हा विषय झाला. त्यावर आयुष्यभर वाचता येईल. 'माझ्या गटात येणारी मुलं गटामुळे बिघडतात का, आणि बिघडत असतील तर नेमकी केव्हा?' हा प्रश्न आहे. आत्ता मनाला टोचणारी एक केस घ्या आणि प्रश्न एका वाक्यात लिहा. मग निबंध उघडताना निष्कर्षाआधी हे पाहा की कोणाचा अभ्यास केला, तुलना कोणाशी केली, किती काळ पाठपुरावा केला, आणि 'फायदा' म्हणून मोजलं काय. पुष्कळदा फायदा म्हणजे नुसतं समाधान असतं. केंब्रिज-समरव्हिलमध्येही समाधान भरपूर होतं.

एकेक सुटा निबंध शोधत बसण्यापेक्षा अनेक अभ्यास एकत्र तपासून लिहिलेले आढावे आधी वाचावेत. समाजकार्यासाठी कॅम्पबेल कोलॅबरेशन ही संस्था २००० सालापासून असे आढावे काढते आणि ते विनामूल्य वाचता येतात. मुलांना तुरुंग दाखवून, कैद्यांकडून दम देऊन सरळ करण्याचे कार्यक्रम घ्या. ऐकताना कोणालाही पटावेत असे. त्यांच्यावरच्या नऊ प्रयोगांचा आढावा घेतला तेव्हा अशा भेटी दिलेल्या मुलांत, न गेलेल्या मुलांपेक्षा, गुन्हे जास्त आढळले. असा आढावा आधी पाहिला असता तर किती मुलांचं होणारं नुकसान टळलं असतं, हे माझ्या मनातून जात नाही.

दुसरी गोष्ट वरिष्ठांसाठी. वाचन ही कार्यकर्त्याने घरी, रात्री, आपल्या वेळात करायची गोष्ट आहे असं समजणं अन्यायाचं आहे. कामाच्या तासांतला वेळ द्या. आणि निबंध हातात देऊन निघून जाऊ नका, सोबत बसा. आयलीन मन्रो यांनी ब्रिटनमध्ये १९७३ ते १९९४ या काळात प्रसिद्ध झालेले बालअत्याचारांच्या प्रकरणांवरचे ४५ चौकशी अहवाल तपासले. कार्यकर्ते एकदा बनलेलं मत सहजासहजी बदलत नाहीत, असं त्यांना दिसलं. हुशार आणि प्रामाणिक माणसांचंही असंच होतं, कारण एकट्याने स्वतःचं मत तपासणं फार अवघड असतं. म्हणून सुपरव्हिजनमध्ये, म्हणजे कार्यकर्त्यांच्या केसेसवर सोबत बसून चर्चा करताना, मी प्रत्येक केसवर एक प्रश्न विचारतेच. तुमचं मत चुकीचं असेल, तर या घरात तुम्हाला काय दिसायला हवं? उत्तर आलं की पुढच्या होम व्हिजिटला तेच पाहून यायला सांगते. यासाठी निबंधही लागत नाही.

मृणाल आता प्रत्येक मुलाशी महिन्यातून एकदा एकट्याने बोलते. गटात काय आवडलं हे विचारतेच, पण त्यासोबत शाळेची किंवा कामाची हजेरी आणि पोलिसांकडची नवी नोंद हेही वहीत लिहिते. गटात यायची संधी न मिळालेल्या, प्रतीक्षायादीतल्या मुलांच्या याच नोंदी ठेवायची परवानगी तिने संस्थेकडे मागितली आहे. वरिष्ठांनी विचारलं, हा जास्तीचा व्याप कशाला? तिने त्यांना कॅबटच्या नाण्याची हकिकत सांगितली.