जुन्या साड्यांची गोधडी आणि बाळासाठी लोकरीचे कपडे घरी करायला जमतील का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: घरात आजीच्या नऊवारी आणि आईच्या सहावारी साड्या पडून आहेत. बहिणीचं बाळंतपण डिसेंबरात आहे. तिला मोठी गोधडी आणि बाळाला स्वेटर, टोपी, मोजे असं सगळं घरी करून द्यायचंय, आणि आजवर सुई हातात घेतली ती बटण लावण्यापुरती. जमेल का, आणि गोधडी मशीनवर मारली तर चालेल का?

जमेल. गोधडीला लागतो तो साधा धावदोरा, तो कुणालाही येतो. लोक चुकतात ते कापड निवडताना. माझं म्हणणं एवढंच की ही वस्तू कोण धुणार आणि कशात धुणार हे ठरेपर्यंत साडीला कात्री लावू नका. आमच्याकडे सातारा बाजूला घटस्थापनेआधी घरातली झाडून सगळी पांघरुणं नदीवर जायची, सोड्यात भिजवून खडकावर आपटली जायची. त्यातून टिकेल अशीच वाकळ शिवायची पद्धत होती. आता खडक नाही, वॉशिंग मशीन आहे, पण हिशोब तोच. सुती साडी साधारण अर्ध्या किलोची धरा. सात थर घातले तर गोधडी कोरडीच साडेतीन किलोची होते आणि ओली पिळायला दोन माणसं लागतात. चार थर पुरे. नवशिक्यांना जाडजूड करायची फार हौस असते, मग बोटं सोलवटतात आणि अर्धी गोधडी माळ्यावर जाते.

आता साड्या निवडा. नायलॉन, जॉर्जेट बाजूलाच ठेवा. सुती कापड धुण्यात आटतं, नायलॉन आटत नाही, दोन्ही एकत्र शिवलं की पहिल्याच धुण्यात गोधडीला फुगे येतात. शिवाय घाम टिपत नाही. जरीचा काठ अंगाला टोचतो, तो कापून काढा. (पैठणी निघाली तर ती परत कपाटात. गोधडीसाठी पैठणी कापणाऱ्यांचे व्हिडिओ मी बघते आणि बंद करते.) उरलेल्या सुती साड्यांचं कापड दोन अंगठ्यांमध्ये धरून जरा ताणा. टरकलं तर ती साडी आतल्या थरात, टिकलं तर वर. गडद लाल, हिरव्या रंगांवर ओला पांढरा रुमाल घासून बघा. रंग रुमालाला लागला तर ती वापरूच नका. मिठाच्या पाण्यात बुडवल्याने कच्चा रंग पक्का होतो यावर माझा काडीचा विश्वास नाही.

मापाचं सोपं आहे. नऊवारी सव्वाआठ मीटरच्या आसपास भरते. तिचे चार सारखे तुकडे करून दोन-दोन शेजारी ठेवून लांब कडेने जोडले की मोठ्या पलंगाचे दोन थर निघतात. म्हणजे दोन नऊवारींत चार थरांची गोधडी होते. सहावारीचे मधोमध दोन तुकडे करून जोडले की एक थर निघतो.

दोरा सुतीच घ्या, जाड, आणि एका वेळी हातभरच ओवा. लांब दोरा गुंततो. पॉलिएस्टरचा दोरा मजबूत म्हणून देतील, पण जुन्या मऊ कापडाला तो नको. थर जमिनीवर अंथरा, चारी कोपऱ्यांवर डबे ठेवा, हाताने सुरकुत्या मधून बाहेर सारा आणि आधी वीतभर अंतरावर कच्चे टाके घाला. या कामाला कंटाळू नका, इथे घाई केली की खालचा थर गोळा होतो आणि ते कळतं शेवटी. मग कडा आत दुमडून पक्के टाके. गावाकडे चार बायका चार बाजूंना बसून कडेपासून आत आत शिवत येतात. एकटीने करताना मला मधल्या ओळीपासून दोन्हीकडे सरळ ओळी घालत जाणं बरं पडतं. दोन ओळींत दोन बोटं अंतर ठेवा. टाके थोडे वाकडे आले तरी बिघडत नाही.

मशीनवर चालेल का? चालतं, अठरा नंबरची सुई आणि टाका मोठा ठेवून. पण जुन्या साडीला मशीनचे बारीक टाके भोकं पाडत जातात आणि पुढे कापड नेमकं त्या ओळीवरच फाटतं. मी मशीनवर फक्त तुकडे जोडते.

तरीही सुरुवात मोठ्या गोधडीने करू नका, दुपट्याने करा. एका सहावारीतून साधारण एक मीटर दहाचे पाच चौकोन निघतात. तीन चौकोनांचं दुपटं होतं, दोन उरतात. चार-पाच संध्याकाळी बसलात की हात बसतो. मात्र बाळ झोपलेलं असताना अंगावर सैल, जाड पांघरूण टाकू नये असं बालरोगतज्ज्ञ वर्षाखालच्या बाळांसाठी सांगतात. दुपटं मांडीवर घेताना, खाली अंथरायला वापरायचं. मोठी गोधडी बहिणीची, ती मार्चमध्ये दिली तरी ती रुसणार नाही.

लोकरीचं आता. दुकानात ‘बेबी वूल’ म्हणून जे मिळतं ते बहुतेक अॅक्रिलिक असतं. धुवायला बरं, आटत नाही. खरी लोकर गरम पाण्यात चोळली की घट्ट होऊन बाहुलीच्या मापाची होते, आणि बाळंतिणीच्या घरात लोकर वेगळी, गार पाण्यात धुवायला कुणाला सवड असते? पण तुमच्याकडे शेक-शेगडीची पद्धत असेल तर अॅक्रिलिक घालून बाळाला शेगडीजवळ नेऊ नका. ते विस्तवाने वितळतं आणि कातडीला चिकटतं. शेकताना सुती झबलंच असू द्या.

पहिल्यांदा विणताय तर दहा नंबरच्या सुया घ्या आणि सगळ्या ओळी सुलट विणा. उलट टाका नंतर शिका. तिन्ही वस्तूंना दीडशे ते दोनशे ग्रॅम लोकर लागते. सगळे गुंडे एकाच लॉट नंबरचे घ्या, नाहीतर एक बाही फिकट दिसते. नवजात बाळाच्या मापाचा स्वेटर महिनाभरात आखूड होतो, तेव्हा छाती अठरा-एकोणीस इंच धरा. जाळीची वीण नको, तिच्यात बाळाची बोटं अडकतात. गळ्याला नाडी नको. पुढून उघडणारा करा, बटणं दुहेरी दोऱ्याने लावा आणि प्रत्येक बटण ओढून बघूनच पाठवा. टोपी झोपताना काढून ठेवायला बहिणीला सांगा.