चेंबरच्या ‘स्ट्रॅटेजिक प्लॅन’ला मराठीत काय म्हणावे?

विचारलेला प्रश्न थोडक्यात असा : ‘आमच्या जिल्ह्याचे व्यापार-उद्योग चेंबर पुढच्या पाच वर्षांचा स्ट्रॅटेजिक प्लॅन करत आहे. मराठी मसुद्यात एकाने “धोरणात्मक नियोजन” लिहिले, दुसऱ्याने “सामरिक नियोजन”, तिसऱ्याने “रणनीतिक योजना”. सभासदांपुढे कोणता शब्द ठेवावा?’

तिन्हींपैकी एकही ठेवू नये, असे माझे मत आहे. दोन शब्द तर लगेच बाजूला करता येतात. ‘सामरिक’ समरातून आलेला. संरक्षणाच्या बातम्यांत ‘सामरिक भागीदारी’, ‘सामरिक महत्त्वाचे बेट’ हे प्रयोग चपखल बसतात. हळदीचे अडते, फाउंड्रीचे मालक आणि किराणा दुकानदार एकत्र बसून पुढचा विचार करतात, तिथे समर कुठले? ‘रणनीती’ निवडणुकीच्या बातम्यांनी रुळवली. तिथे समोर हरवायचा माणूस असतो. चेंबरमध्ये मात्र बाजारातले प्रतिस्पर्धीच एका टेबलाशी बसलेले असतात.

‘धोरणात्मक’चा निकाल इतका सोपा नाही, कारण तो चूक नाही. ‘धोरण’ हा फार चांगला शब्द आहे. संस्कृतात ‘धोरण’ म्हणजे वाहन, तसेच घोड्याची एक चाल. मराठीत ‘धोरणी बाई’, ‘धोरणाने वागणे’ म्हणताना पुढचे ओळखून पाऊल टाकणे हाच अर्थ असतो, आणि ‘स्ट्रॅटेजी’चा गाभाही तोच. पण गेल्या काही पिढ्यांत सरकारी मराठीने हा शब्द ‘पॉलिसी’साठी घेतला आणि तो तिथेच स्थिरावला : औद्योगिक धोरण, आयात-निर्यात धोरण, वस्त्रोद्योग धोरण. ‘धोरणात्मक निर्णय’ म्हटले की तो मंत्रिमंडळाने घेतलेला असणार, असेच वाचणारा धरून चालतो.

दुसऱ्या एखाद्या संस्थेला याने अडचण होणार नाही. रुग्णालयाने किंवा महाविद्यालयाने आपल्या आराखड्याला ‘धोरणात्मक’ म्हटले तर फारसे बिघडत नाही. चेंबरचे मात्र अर्धे आयुष्य सरकारी धोरणांशी बोलण्यात जाते. १८३६चे बॉम्बे चेंबर, १९०७चे इंडियन मर्चंट्स चेंबर, वालचंद हिराचंदांच्या पुढाकाराने १९२७मध्ये उभे राहिलेले महाराष्ट्र चेंबर, १९३४चे पुण्याचे मराठा चेंबर : यांपैकी कोणीही कर बसवत नाही, जमीन संपादित करत नाही, वीजदर ठरवत नाही. ती निवेदने देतात, गाऱ्हाणी मांडतात, शिष्टमंडळे नेतात आणि पाठपुरावा करतात. धोरण सरकारचे, आग्रह चेंबरचा. आता हे वाक्य पाहा : ‘राज्याच्या वीजदर धोरणात बदल घडवणे हे चेंबरचे धोरणात्मक उद्दिष्ट आहे.’ एकाच वाक्यात एका शब्दाला दोन मालक झाले! इंग्रजीत ‘पॉलिसी’ आणि ‘स्ट्रॅटेजिक’ हे दोन वेगळे शब्द असल्यामुळे मूळ मसुद्यात हा गोंधळ दिसलाच नसेल. मराठीत तो पानोपानी दिसेल.

म्हणून चेंबरच्या कागदात ‘धोरण’ फक्त सरकारच्या बाजूला ठेवावे आणि आपल्या बाजूला ‘व्यूह’ घ्यावा. व्यूहही युद्धातलाच ना, ही शंका रास्त आहे. चक्रव्यूह कोणाला आठवणार नाही? पण व्यूह म्हणजे मुळात मांडणी : कोण कुठे उभा राहील, कोणामागे कोण असेल. वासुदेव, संकर्षण, प्रद्युम्न आणि अनिरुद्ध या, पांचरात्र नावाच्या वैष्णव परंपरेतल्या, चतुर्व्यूहात लढाईचा वासही नाही. कोणते काम कोणत्या समितीकडे, मोजका पैसा आणि मोजकी माणसे कुठे लावायची, कोणते काम या पाच वर्षांत हाती घ्यायचेच नाही, ही मांडणी ‘व्यूहरचना’ या शब्दात नेमकी येते. ‘डावपेच’ त्याहून लहान. तो आखाड्यातला शब्द, त्या त्या क्षणी टाकायच्या डावाचा. पाच वर्षांच्या कामाला तो लावू नये.

पुण्याच्या उदाहरणाने हे स्पष्ट होईल. हडपसर आणि पिंपरी-चिंचवड भागात उद्योगांना जागा मिळाव्यात, यासाठी मराठा चेंबरने झटून प्रयत्न केले. औद्योगिक वसाहती वसवायच्या हे धोरण राज्याचे. त्यासाठीचे महामंडळ, आपले एमआयडीसी, १९६२मध्ये स्थापन झाले. पण शहराबाहेर कोणत्या भागासाठी आग्रह धरायचा, कोणाला सोबत घ्यायचे आणि आधी काय मागायचे, हा चेंबरचा व्यूह. त्या इतिहासावर लिहिताना दोन्हींना ‘धोरण’ म्हटले, तर कोणी काय केले हेच वाचकाला कळणार नाही.

आता ‘नियोजन’. जिल्ह्याच्या पातळीवर या शब्दावर आधीच मोठा शिक्का बसला आहे. ७४व्या घटनादुरुस्तीमुळे आलेली जिल्हा नियोजन समिती, तिचा निधी, पालकमंत्र्यांची बैठक. चेंबरच्या पत्रिकेवर ‘जिल्ह्याचे धोरणात्मक नियोजन’ छापले, तर निम्मे सभासद ती सरकारी बैठक समजतील. ‘पंचवार्षिक योजना’ तर १९५१पासून देशाचीच झाली. त्यापेक्षा ‘आखणी’ आणि ‘आराखडा’ ही जोडी घ्यावी. करण्याच्या कामाला आखणी, हाती येणाऱ्या कागदाला आराखडा. इंग्रजीतल्या ‘प्लॅनिंग’ आणि ‘प्लॅन’चा फरक इथे आयताच मिळतो. आखणे म्हणजे रेघा ओढणे. रस्त्याची आखणी आपण म्हणतोच.

एक जुना शब्द इथे सांगितल्याशिवाय राहवत नाही : ‘मसलत’. मराठ्यांच्या पत्रव्यवहारात मोहिमेच्या बेताला, कधी त्या मोहिमेलाच, मसलत म्हणत. शब्द अरबीतून आला आणि त्याच्या मुळाशी हित, भले ही कल्पना आहे. बेत आणि सल्ला या दोन्ही गोष्टी एकाच शब्दात होत्या! आज तो ‘सल्लामसलत’मध्ये उरला आहे, एकटा आला की मागून खलबत डोकावते, त्यामुळे मुखपृष्ठावर चालणार नाही. आतल्या एका प्रकरणाला मात्र ‘सभासदांशी सल्लामसलत’ हे नाव जरूर द्यावे. जर्मनीत उद्योग-व्यापार चेंबरचे सभासदत्व कायद्यानेच बंधनकारक असते. आपल्याकडे ते ऐच्छिक आहे. वर्गणी भरणाऱ्याला आराखडा पटला नाही तर तो पुढच्या वर्षी वर्गणी भरणार नाही, म्हणून ही सल्लामसलत उपचार म्हणून उरकता येत नाही. तिला मसुद्यात ‘फीडबॅक प्रक्रिया’ म्हटले आहे. ते बदला.

मुखपृष्ठावर मी ‘पुढील पाच वर्षांचा आराखडा’ एवढेच लिहीन. ‘स्ट्रॅटेजिक’साठी तिथे विशेषण हवेच असे नाही. इंग्रजीत विशेषण आहे म्हणून मराठीत ‘-आत्मक’ जोडायची सवय वाक्ये जड करते. ज्या प्रकरणात निवड आणि क्रम ठरवला आहे, त्याला ‘व्यूहरचना’ म्हणावे. ‘स्ट्रॅटेजिक लोकेशन’ आले असेल तर तिथे ‘व्यूह’ही नको. ‘मोक्याची जागा’ हा प्रयोग कोणत्याही व्यापाऱ्याच्या तोंडी आहे.

मसुद्यातला आणखी एक शब्द बदलायला हवा. ‘स्टेकहोल्डर’साठी ‘भागधारक’ लिहिले आहे. भागधारक म्हणजे शेअर घेतलेला, आणि ज्या सभासदांच्या कंपन्यांना खरेखुरे भागधारक आहेत ते हा कागद वाचून चक्रावतील. ‘हितसंबंधी’ सुचवतात, पण ‘हितसंबंध गुंतलेले’ या प्रयोगामुळे त्याला संशयाची छटा आली आहे. हमाल, वाहतूकदार, शेतकरी, बँका आणि नगरपालिका, अशी जी मंडळी तिथे अभिप्रेत आहेत त्यांची नावेच लिहावीत. सगळ्यांना मिळून एक शब्द लागेल तिथे ‘संबंधित घटक’ पुरेल.