संस्थेचे बाहेर जाणारे सगळे ईमेल एकाच रिलेमधून कसे पाठवायचे?

प्रश्न थोडक्यात असा आहे: संस्थेत एक मुख्य मेल सर्व्हर आहे. शिवाय वेबसाइटचा सर्व्हर, हिशेबाचं सॉफ्टवेअर आणि काही स्कॅनर आपापले मेल परस्पर बाहेर पाठवतात. त्यातले बरेच स्पॅममध्ये पडतात, काही पोचतच नाहीत. कोणीतरी सुचवलं की रिले लावा, म्हणजे सगळ्यांचे मेल घेऊन बाहेर पोचवणारा एकच सर्व्हर. तर रिले लावावा का, आणि लावायचा तर कसा?

लावा. पण रिलेचा पत्ता लिहिणं हा या कामातला सगळ्यात छोटा भाग आहे. रिलेकडे मेल सोपवायची परवानगी कोणाला आणि तो मेल बाहेर कोणाच्या नावाने दिसणार, या दोन गोष्टी नीट ठरल्या नाहीत तर रिले लावूनही स्पॅमचं दुखणं तसंच राहतं. मेल सर्व्हर सांभाळणं हेच माझं काम आहे, आणि 'रिले लावला तरी मेल जात नाही' अशी तक्रार येते तेव्हा बहुतेक वेळा या दोहोंपैकी एक काहीतरी सुटलेलं असतं.

सुरुवात यादीपासून करा. माणसांना विचारून केलेली यादी पूर्ण होत नाही, कारण जुनी स्क्रिप्ट कोणी लिहिली हेच कोणाला आठवत नसतं. त्यापेक्षा फायरवॉलवर एक नियम लावा: आतल्या कुठल्याही यंत्रावरून बाहेरच्या पोर्ट २५, ४६५ किंवा ५८७ वर (ही मेल पाठवण्याची पोर्टं) जाणारं प्रत्येक कनेक्शन फक्त नोंदवायचं, अडवायचं नाही. हा नियम महिनाअखेर ओलांडेपर्यंत चालू ठेवा, कारण पगारपत्रकं, बिलं आणि स्मरणपत्रं तेव्हाच निघतात. बॅकअपचे अहवाल, यूपीएसच्या सूचना, हजेरीचं यंत्र अशी भलतीच मंडळी त्या नोंदीत सापडतात.

दुसरा निर्णय म्हणजे रिले स्वतःचा, की एखाद्या सेवेचा. स्वतःच्या सर्व्हरने थेट जगाला मेल द्यायचा तर स्थिर आयपी पत्ता हवा आणि त्या पत्त्याची पीटीआर नोंद, म्हणजे आयपी पत्त्यावरून नाव सांगणारी नोंद, हवी. ती नोंद ज्या नावाकडे बोट दाखवते, ते नाव पुन्हा त्याच पत्त्याकडे आलं पाहिजे, आणि सर्व्हरने हेलो म्हणताना तेच नाव सांगितलं तर उत्तम. पीटीआर नोंद तुमच्या डोमेनच्या पॅनलमधून होत नाही, आयपी पत्ता देणाऱ्या कंपनीकडून करून घ्यावी लागते. इथेच पुष्कळ लोक अडकतात. क्लाउडवर सर्व्हर असेल तर आणखी एक अडथळा आहे: ॲमेझॉन, गूगल आणि मायक्रोसॉफ्ट या तिन्ही क्लाउडमध्ये बाहेर जाणारं पोर्ट २५ सहसा बंद असतं. तिथे ५८७ वरून एखाद्या रिले सेवेकडे मेल सोपवणं हाच सरळ रस्ता.

लहान-मध्यम संस्थेला मी सेवाच सुचवेन. आयपीची पत सांभाळणं, काळ्या यादीत नाव गेलं तर ते काढून घेणं, हे रोजचं काम आहे आणि त्यासाठी माणूस लागतो. पण एक गोष्ट वरिष्ठांच्या कानावर घालाच: टीएलएसचं, म्हणजे दोन सर्व्हरमधलं बोलणं गुप्त ठेवणाऱ्या एन्क्रिप्शनचं, कुलूप एका टप्प्यापासून पुढच्या टप्प्यापर्यंतच असतं. रिले सेवेच्या यंत्रावर मेल उघड्या स्वरूपात असतो. रुग्णांची माहिती किंवा कोर्टाची कागदपत्रं पाठवणाऱ्या संस्थेने हा विचार करारावर सही करण्याआधी करावा.

माझी आवडती मांडणी अशी: आत स्वतःचा एक छोटा सर्व्हर, पोस्टफिक्स या मेल सॉफ्टवेअरवर चालणारा. सगळी यंत्रं त्याच्याकडे मेल देतात आणि तोच एकटा बाहेरच्या सेवेशी बोलतो. उद्या सेवा बदलली तर एकाच ठिकाणी बदल करावा लागतो आणि सेवेचा पासवर्ड प्रत्येक स्कॅनरमध्ये जाऊन बसत नाही. मायक्रोसॉफ्टचा एक्सचेंज मेल सर्व्हर वापरत असाल तर हेच काम सेंड कनेक्टरमध्ये स्मार्ट होस्ट, म्हणजे रिलेचा पत्ता, देऊन होतं, तत्त्व तेच.

पोस्टफिक्समध्ये रिलेहोस्ट, म्हणजे मेल कोणाकडे सोपवायचा ती सेटिंग, लिहिताना सर्व्हरचं नाव चौकोनी कंसात लिहा आणि त्यापुढे अपूर्णविराम (:) देऊन ५८७. कंस शोभेचे नाहीत. ते नसले तर पोस्टफिक्स त्या नावाची एमएक्स नोंद शोधतो, म्हणजे त्या डोमेनचे येणारे मेल घेणारा सर्व्हर शोधतो, आणि तुमचा मेल भलत्याच दारात जाऊन उभा राहतो. पासवर्डच्या फाइलमध्येही हेच नाव अक्षर न् अक्षर तसंच हवं, कंस आणि पोर्टसकट. एकीकडे कंस आणि दुसरीकडे नाही, असं झालं की पोस्टफिक्सला पासवर्ड सापडत नाही. तो गुपचूप लॉगिन न करताच मेल द्यायला जातो आणि समोरून नकार येतो. लॉगमध्ये तुम्हाला नकार दिसतो, कंस दिसत नाही. फाइल बदलल्यावर पोस्टमॅप (फाइल पोस्टफिक्सला वाचता येईल अशी करणारी आज्ञा) चालवायला विसरू नका, आणि मूळ फाइल व तिच्यापासून बनलेली फाइल दोन्ही फक्त रूटला वाचता येतील अशा ठेवा.

आणखी एक जागा आहे जिथे लोकांचा दिवस वाया जातो. सगळं बरोबर लिहिलेलं असतं, तरी लॉगमध्ये 'नो मेकॅनिझम अव्हेलेबल' येतं. पोस्टफिक्स मुळात साध्या स्वरूपात पासवर्ड पाठवायला तयार नसतो; त्याच्या एसएएसएल (लॉगिनची पद्धत) सुरक्षेच्या पर्यायांमध्ये 'नोप्लेनटेक्स्ट' आणि 'नोअनॉनिमस' हे दोन्ही लागलेले असतात. टीएलएस सक्तीचं केलं असेल तर तिथे फक्त 'नोअनॉनिमस' ठेवायला हरकत नाही. तरीही तोच संदेश आला तर एसएएसएलची मॉड्यूल्स यंत्रावर बसवलेली आहेत का ते पाहा. डेबियन आणि उबुंटूवर त्यांचं वेगळं पॅकेज असतं.

टीएलएसची पातळी 'मे' ठेवू नका. 'मे' म्हणजे समोरच्याने एन्क्रिप्शन देऊ केलं तर वापरा, नाही तर उघडंच बोला. जिथे पासवर्ड जातो तिथे किमान 'एन्क्रिप्ट' हवं, आणि प्रमाणपत्रही तपासायचं तर 'सिक्युअर'. सेवेने पोर्ट ४६५ सांगितलं असेल तर तिथे पहिल्या बाइटपासून टीएलएस असतं, त्यामुळे रॅपरमोड चालू करावा लागतो. नाही केला तर दोन्ही बाजू एकमेकींच्या बोलण्याची वाट पाहत बसतात आणि शेवटी टाइमआउट येतो.

आता परवानगी, आणि इथे जरा वेळ द्या. पोस्टफिक्सच्या मायनेटवर्क्समध्ये जे पत्ते असतात त्यांना पासवर्डशिवाय जगात कोणालाही मेल पाठवता येतो. अख्खं ऑफिसचं नेटवर्क तिथे टाकणं सोपं वाटतं, पण मग व्हायरस लागलेला एक लॅपटॉप रात्रीतून तुमच्या नावाने हजारो मेल पाठवू शकतो. ज्यांना लॉगिन जमतच नाही अशा जुन्या स्कॅनरचे पत्ते एकेक करून लिहा. बाकी प्रत्येक सॉफ्टवेअरला स्वतःचं वेगळं खातं आणि वेगळा पासवर्ड द्या. त्या खात्याला फक्त ठरलेल्या प्रेषकाच्या नावानेच मेल पाठवता येईल, असंही बांधून टाका. एक पासवर्ड फुटला तर तेवढंच खातं बंद करता येतं, आणि लॉगमध्ये कोण बोललं ते नावानिशी दिसतं.

पोस्टफिक्स कंटेनरमध्ये किंवा लोड बॅलन्सरच्या मागे चालवत असाल तर एक धोका नक्की तपासा. अशा मांडणीत बाहेरून आलेलं कनेक्शनही कधी कधी आतल्याच गेटवेच्या पत्त्यावरून आल्यासारखं दिसतं. तो पत्ता मायनेटवर्क्समध्ये असेल तर तुमचा सर्व्हर सगळ्या जगासाठी खुला रिले झाला, आणि स्पॅमवाले असं दार फार लवकर हुंगतात. ऑफिसबाहेरच्या नेटवर्कवरून जोडून, लॉगिन न करता, तिसऱ्याच डोमेनच्या पत्त्यावर मेल द्यायचा प्रयत्न करा. 'रिले ॲक्सेस डिनाइड' आलं पाहिजे. त्यातला आकडाही वाचा: ५५४ म्हणजे कायमचा नकार, ४५४ म्हणजे 'आत्ता नाही', त्यामुळे पाठवणारं यंत्र पुन्हा पुन्हा येत राहतं. पोस्टफिक्सच्या मूळ मांडणीत ४५४ येतो. तुमचाच एखादा सर्व्हर यादीतून सुटला असेल तर त्याच्या रांगेत मेल साचत जातात आणि सुरुवातीला कोणाच्या लक्षातही येत नाही.

आता नाव. प्रत्येक मेलवर दोन प्रेषक असतात: एक लिफाफ्यावरचा, जो सर्व्हर एकमेकांना सांगतात, आणि एक आतल्या कागदावरचा, जो वाचणाऱ्याला दिसतो. एसपीएफ, म्हणजे तुमच्या डोमेनच्या नावाने कोणत्या सर्व्हरनी मेल पाठवायचे त्याची डीएनएसमधली (इंटरनेटवरच्या नावांच्या नोंदवहीतली) यादी, फक्त लिफाफा तपासतं. डीमार्क, म्हणजे नापास मेलचं काय करायचं हे सांगणारं डोमेनचं धोरण, विचारतं की वाचणाऱ्याला दिसणाऱ्या डोमेनशी लिफाफ्याचं किंवा डीकेआयएम सहीचं (मेलवरच्या डिजिटल सहीचं) डोमेन जुळतं का. रिले सेवा बऱ्याचदा लिफाफ्यावर स्वतःचं नाव घालते, परतलेले मेल तिच्याकडे यावेत म्हणून. मग हेडरमध्ये 'एसपीएफ पास' आणि त्याच्याच पुढे 'डीमार्क फेल' असं दिसतं आणि माणूस चक्रावतो. दोन्ही खरं असतं: एसपीएफ पास झालं ते सेवेच्या डोमेनसाठी.

म्हणून डीकेआयएमची सही तुमच्याच डोमेनच्या नावाने झाली पाहिजे. सेवा सांगेल त्या डीएनएस नोंदी घालून तिच्याकडून तशी सही करून घ्या, किंवा तुमच्या आतल्या रिलेवर रस्पॅमडी किंवा ओपनडीकेआयएम हे सॉफ्टवेअर लावून स्वतः करा. किल्ली २०४८ बिटची ठेवा. सही सगळ्यात शेवटी झाली पाहिजे. मेलखाली संस्थेची कायदेशीर सूचना जोडणारं एखादं यंत्र सहीनंतर आलं तर मजकूर बदलतो आणि सही मोडते. असा दोष मी पुष्कळ ठिकाणी पाहिला आहे आणि तो शोधायला अवघड जातो, कारण सूचना न जोडलेले मेल व्यवस्थित पोचत असतात.

एसपीएफमध्ये रिलेची भर घालताना जुन्याच नोंदीत घाला. एका डोमेनला दोन एसपीएफ नोंदी झाल्या की दोन्ही निकामी. शिवाय ती नोंद तपासताना १० पेक्षा जास्त डीएनएस चौकश्या लागल्या तरी तीच गत. सगळं एका रिलेमधून गेल्याचा एक मोठा फायदा इथे दिसतो: वर्षानुवर्षं साठलेले 'इन्क्लूड' (इतरांच्या याद्या जोडणारे भाग) काढून टाकता येतात.

स्कॅनर आणि स्क्रिप्ट यांचे मेल अनेकदा 'रूट ॲट लोकलहोस्ट' छापाच्या नावाने निघतात. असं डोमेन जगात नसतंच, त्यामुळे ते नाकारले जाणारच. पोस्टफिक्सच्या जेनेरिक मॅपने बाहेर पडताना तो पत्ता संस्थेच्या खऱ्या पत्त्यात बदलता येतो.

फेब्रुवारी २०२४ पासून गूगल आणि याहू यांनी हे सगळं सक्तीचं केलं आहे. जीमेलला दिवसाला ५,००० किंवा अधिक मेल पाठवणाऱ्यांना एसपीएफ, डीकेआयएम आणि डीमार्क तिन्ही लागतात, आणि लोकांनी स्पॅम म्हणून नोंदवलेल्या मेलचं प्रमाण ०.३ टक्क्याच्या खाली ठेवावं लागतं. तुमचा आकडा लहान असला तरी तिन्ही लावा. जाहिरातपत्रं पाठवत असाल तर ती वेगळ्या उपडोमेनवरून आणि शक्यतो वेगळ्या रिलेमधून जाऊ द्या. पोस्टफिक्समध्ये प्रेषकानुसार रिले निवडता येतो. जाहिरातींवरच्या तक्रारींमुळे पगारपत्रकं अडकता कामा नयेत.

चाचणी करताना लॉगमधल्या 'स्टेटस सेंट'वर विसंबू नका. त्याचा अर्थ इतकाच की रिलेने मेल स्वीकारला. पुढे तो पोचला, परतला की स्पॅममध्ये गेला हे तुमच्या लॉगला कळत नाही. म्हणून सेवेचा डिलिव्हरी लॉग कुठे पाहायचा ते पहिल्याच दिवशी शोधून ठेवा. बाहेरच्या दोन-तीन वेगवेगळ्या सेवांवर मेल पाठवा, मूळ हेडर उघडा आणि रिसीव्हडच्या ओळी खालून वर वाचा. प्रवास त्याच क्रमाने झालेला असतो.

रिले बंद पडला तर पोस्टफिक्स मेल रांगेत ठेवून प्रयत्न करत राहतो, मुळात ५ दिवस. उशीर होतोय अशी सूचना पाठवणारी सोय मात्र मुळात बंद असते. ती ४ तासांवर चालू करा. 'नोरिप्लाय' खात्याचे परतलेले मेल एखाद्या खऱ्या माणसाच्या पेटीत येतील असं बघा, आणि रांगेची लांबी तुमच्या देखरेखीच्या यंत्रणेत टाका.

यंत्रं एकेक करून नव्या रिलेवर आणा, सगळी एका संध्याकाळी नको. डीमार्कचं धोरण आधी 'नन' (फक्त अहवाल, कारवाई नाही) ठेवून त्याचे अहवाल वाचा. त्यात तुमच्या नावाने मेल पाठवणारा, यादीत नसलेला एखादा आयपी दिसेलच. तो बहुधा बाहेरच्या एखाद्या एजन्सीला दिलेल्या अर्जाच्या फॉर्मचा असतो. त्याला रिलेवर आणलं की धोरण 'क्वारंटाइन' (स्पॅममध्ये टाका) आणि मग 'रिजेक्ट' (नाकारा) करा. त्यानंतर फायरवॉलवरचा तो नोंदी करणारा नियम अडवणारा करा: मेलची ती तिन्ही पोर्टं बाहेरच्या दिशेने फक्त रिलेसाठी उघडी, बाकी सगळ्यांना बंद.