वाचक विचारतात : औषध गेले, की फेल्टमध्ये दडले?

प्रश्न : एमएस्सीच्या प्रकल्पासाठी एक लिटरचा, एकाच कप्प्याचा मायक्रोबियल फ्युएल सेल (जिवाणूंकडून वीज मिळवणारा घट) केला आहे. सोडियम ॲसिटेटवर 1000 ओहमच्या रेझिस्टरला 0.45 व्होल्ट मिळत होते. लिटरला 20 मिलिग्रॅम सिप्रोफ्लॉक्सासिन हे प्रतिजैविक (जिवाणू मारणारे औषध) घातले आणि व्होल्टेज 0.08 वर आले. औषध मात्र दोन दिवसांत 90 टक्के कमी झाले. प्रयोग जमला का?
– एक विद्यार्थिनी, पुणे

उत्तर : अजून नाही, पण सुधारता येईल. तुम्ही ज्यांच्याकडून काम करून घेताय त्या जिवाणूंनाच एकदम मोठा डोस दिलात. आधी बायोगॅसच्या टाकीतली रबडी आणि लिटरला 1 ग्रॅम ॲसिटेट यांवर दोन-तीन आठवडे जिवाणूंचा थर धरू द्या. मग औषध 1 मिलिग्रॅमपासून सुरू करा. सलग दोन-तीन वेळा पाणी बदलूनही व्होल्टेज पूर्ववत होत असेल, तरच 5, 10, 20 असे वाढवा. 20 हा आकडा अवास्तव नाही. हैदराबादजवळच्या पटनचेरू इथल्या प्रक्रिया केंद्रातून बाहेर पडणाऱ्या पाण्यात लिटरला 31 मिलिग्रॅमपर्यंत सिप्रोफ्लॉक्सासिन असल्याचे 2007 मध्ये प्रसिद्ध झाले होते.

आता त्या 90 टक्क्यांकडे या. सिप्रोफ्लॉक्सासिन कार्बन फेल्टला (ज्यावर जिवाणू वाढतात त्या कार्बनच्या जाड कापडाला) आणि गाळाला घट्ट चिकटते, शिवाय उजेडात विघटते. त्यामुळे पाण्यातून गेले म्हणजे नष्ट झाले असे धरू नका. बाटलीला ॲल्युमिनियम फॉइल गुंडाळा. शेजारी दोन तुलनेचे सेल ठेवा : एकाची तार सोडलेली, दुसऱ्यात जिवाणू नसलेला नुसता फेल्ट. शेवटी फेल्टमधले औषध आम्लयुक्त मिथेनॉलने काढून एचपीएलसीवर (द्रावणातले घटक वेगळे करून मोजणाऱ्या यंत्रावर) मोजा. हिशेब जुळला तरच विघटन म्हणा.

व्होल्टेज हळूहळू उतरत असेल तर दोष बहुधा औषधाचा नसतो. ॲनोडकडे (जिवाणूंच्या इलेक्ट्रोडकडे) हवा शिरते, किंवा बफर (सामू स्थिर ठेवणारे क्षार) कमी पडून सामू 6.5 च्या खाली जातो (50 मिलिमोलर फॉस्फेट ठेवा), किंवा कॅथोडवर (हवेकडच्या इलेक्ट्रोडवर) पांढरे क्षार आणि बुळबुळीत थर साचतो. तो थर हलक्या हाताने पुसून काढा.

विजेची आशा मात्र धरू नका. तुमचा सेल 0.2 मिलिवॅट देतो. त्यावर मोबाइल चार्ज व्हायला आठ वर्षे लागतील. कार्बन उत्सर्जनातली बचत दुसरीकडे आहे : कॅथोड ऑक्सिजन थेट हवेतून घेतो, म्हणून ब्लोअर लागत नाही. नेहमीच्या ॲक्टिव्हेटेड स्लज प्लांटची (हवा फुंकून सांडपाणी शुद्ध करणाऱ्या केंद्राची) साधारण निम्मी वीज हवा फुंकण्यातच जाते. गाळही कमी निघतो.

तोच गाळ मोरीत ओतू नका. त्यात औषधाला दाद न देणारे जिवाणू तयार झालेले असू शकतात. आधी ऑटोक्लेव्ह करा, म्हणजे दाबाखालच्या वाफेत निर्जंतुक करा.