आयरिश नट ब्रेंडन ग्लीसन खरंच शाळामास्तर होता का? मग अभिनयात इतक्या उशिरा कसा आला?

हो, मास्तरच होता. डब्लिनच्या उत्तरेला बेलकँप कॉलेज नावाची शाळा होती, तिथे तो इंग्रजी आणि आयरिश शिकवायचा. १९९१ साली नोकरी सोडली तेव्हा वय ३६ आणि थोरला मुलगा डोनल आठ वर्षांचा.

पण 'उशिरा आला' हे मला पटत नाही. मी स्वतः शाळेत शिकवतो आणि संध्याकाळी हौशी नाटकाच्या तालमीला जातो, त्यामुळे त्याच्या आयुष्याचा हा भाग मी फार जवळून वाचलाय. शाळेची नोकरी चालू असतानाच तो डब्लिनच्या पॅशन मशीन या नाटक कंपनीत काम करत होता. १९८४ साली पॉल मर्सियरने काढलेली ही मंडळी शहरातल्या साध्या माणसांची नाटकं करायची, त्यांच्याच बोलीत. 'वेस्टर्स' (१९८५) आणि 'ब्राउनब्रेड' (१९८७) या दोन्हींत ग्लीसन होता. 'ब्राउनब्रेड' लिहिणारा रॉडी डॉइलही तेव्हा शाळेत मास्तर! शिवाय 'द बर्डटेबल' आणि 'ब्रेकिंग अप' ही नाटकं ग्लीसनने स्वतः लिहिली आणि बसवली. म्हणजे राजीनामा दिला तेव्हा रंगमंच त्याच्या अंगात पुरता मुरलेला होता.

पुढचं तुम्हाला माहीत असेल: १९९५ मध्ये 'ब्रेव्हहार्ट'मधला हेमिश, नंतर 'हॅरी पॉटर'मधला मॅड-आय मूडी. चर्चिलच्या भूमिकेसाठी २००९ साली एमी हे टीव्हीचं मोठं पारितोषिक मिळालं.

मला विचाराल तर आधी 'द जनरल' (१९९८) बघा. दिग्दर्शक जॉन बूरमनचा कृष्णधवल चित्रपट, डब्लिनच्या कुख्यात दरोडेखोर मार्टिन काहिलवर; काहिल झालाय ग्लीसन. चारचौघांत हा माणूस चेहऱ्यावर हाताचा पंजा धरतो आणि बोटांच्या फटींतून बघतो. अर्धा चेहरा झाकलेला, तरी भीती, मिजास, खोडकरपणा सगळं त्या फटींतून पोचतं. मी तो प्रसंग थांबवून थांबवून पाहिलाय. अशा नटाला बूरमनने निवडलं, याचं मला आजही कौतुक वाटतं.

ग्लीसन फिडल (म्हणजे व्हायोलिनच) फार छान वाजवतो. 'द बॅन्शीज ऑफ इनिशेरिन'मध्ये (२०२२) त्याचं पात्र जी धून रचतं, ती खरोखर त्यानेच बांधलेली आहे. याच चित्रपटासाठी त्याला पहिलं ऑस्कर नामांकन मिळालं, वयाच्या ६७व्या वर्षी.

त्याला चार मुलगे. डोनल आणि ब्रायन दोघेही नट. २०१५ साली डब्लिनच्या ऑलिंपिया थिएटरात बाप आणि हे दोघे 'द वॉलवर्थ फार्स' या नाटकात एकत्र उभे राहिले, तेही बाप आणि त्याचे दोन मुलगे म्हणूनच. दहा वर्षांनी, २०२५ मध्ये, सत्तरीतला ग्लीसन 'द वेअर' हे नाटक घेऊन त्याच रंगमंचावर पुन्हा आला.