शनिवारी रात्रीची धडधड

‘आठवडाभर रविवारची वाट बघतो आणि शनिवारी संध्याकाळी पोटात गोळा येतो. आवडीच्याच गोष्टीची अशी भीती वाटत असेल तर ती सोडून द्यावी का?’ मी समुपदेशक आहे, मृग जवळ आला की हा प्रश्न माझ्याकडे हमखास येतो. विचारणारे बहुतेक सायकलवाले असतात. वर्धा, यवतमाळ, अमरावती जिल्ह्यांतल्या तालुक्याच्या गावांतही आता सायकल ग्रुप निघालेत. मास्तर, डॉक्टर, बँकवाले, दुकानदार असे सगळे पहाटे पाचला बसस्टँडसमोर जमतात, कधी पवनार, कधी केळझर, कधी बोर धरण करून येतात. हिवाळ्यात सगळं सुरळीत असतं. घोळ होतो तो जून ते सप्टेंबर, जेव्हा पहाटे चांदण्या दिसतात, सात वाजता आभाळ भरतं आणि नऊला पुन्हा चामडी सोलणारं ऊन पडतं.

एका गृहस्थांची गोष्ट सांगते. त्यांना इथे भाऊ म्हणू. त्यांनी लिहायला होकार दिलाय, ओळख पटेल असे तपशील बदललेत. वय पंचेचाळीसच्या पुढे, तालुक्याच्या गावी बियाणं-खतांचं दुकान. आल्या आल्या म्हणाले, “मॅडम, माझं डेअरिंगच गेलं. मी भेकड होऊन राहिलो.”

छातीत धडधड, तळहाताला घाम, झोप नाही. या वयात अशी तक्रार घेऊन कुणी आलं की मी आधी डॉक्टरकडे पाठवते. धडधड म्हणजे मनाचंच काही असणार, असं गृहीत धरणं धोक्याचं. बीपी, ईसीजी, थायरॉइड सगळं ठीक निघालं तेव्हा आम्ही बोलायला बसलो.

शनिवार संध्याकाळ ते रविवार दुपार, जे जे घडतं ते त्यांना लिहून आणायला सांगितलं. दुकानाच्याच बिलबुकाच्या मागच्या कोऱ्या पानावर त्यांनी लिहून आणलं होतं. शटर ओढलं की हवामानाचं पहिलं ॲप. जेवताना दुसरं. एक म्हणतं पाऊस, दुसरं म्हणतं कोरडं, म्हणून तिसरं. रात्री एक वाजता गच्चीवर जाऊन आभाळ बघणं. पहाटे ग्रुपवर मेसेज, ‘पोट बिघडलं, येत नाही.’ मग दहा मिनिटं अगदी मोकळं वाटतं. सात वाजता ऊन पडतं, ग्रुपवर तर्री-पोह्यांचे फोटो येतात, आणि दिवसभर पोरांवर चिडचिड.

त्यातली ती मोकळी दहा मिनिटं मला महत्त्वाची वाटली. सुटका झाली की मेंदू एवढंच शिकतो की संकट होतं आणि आपण पळालो म्हणून वाचलो. पुढच्या शनिवारी तो आणखी लवकर घंटा वाजवतो. भाऊंची धडधड आधी रात्री दहाला सुरू व्हायची, माझ्याकडे आले तेव्हा ती दुपारी चारवर आली होती.

पण भीती नक्की कशाची? मला वाटलं विजेची असेल. आपल्याकडे ती असायलाच हवी, दरवर्षी वावरात माणसं आणि बैल जातात. विचारलं तर म्हणाले, विजेचं एवढं नाही. चिखलाचं? त्यावर हसले. मागच्या पावसाळ्यात पांदण रस्त्याने शॉर्टकट मारायला गेले, तर काळी माती टायर आणि ब्रेकच्या मधे अशी बसली की चाक फिरेना. पऱ्हाटीच्या काडीने माती खरवडत, सायकल खांद्यावर घेत डांबरी गाठली. तो किस्सा ते रंगवून सांगत होते, धडधडीचा मागमूस नव्हता.

मग मी विचारलं, “निघायचं की नाही हे ग्रुपमधे ठरवतं कोण?”

गप्प झाले. मग म्हणाले, “मलेच विचारतात. म्हणतात, भाऊ, तुमचा तर धंदाच पावसाचा. सांगा, निघू का?”

इथून खरी गोष्ट सुरू झाली. जूनमध्ये त्यांच्या काउंटरवर दिवसभर एकच प्रश्न येतो, पेरू का थांबू? काही वर्षांपूर्वी पहिला दमदार पाऊस पडला, वावरं ओली झाली, आणि एका ओळखीच्या शेतकऱ्याला ते बोलता बोलता म्हणून गेले, “पेरा, काही होत नाही.” मग पावसाने दडी मारली. सोयाबीन उगवून करपलं. दुबार पेरणीची पाळी आली, बियाणं पुन्हा उधारीवर. तो माणूस भांडला नाही. दुकानाच्या पायरीवर उभा राहून एवढंच म्हणाला, “तुमीच म्हनलं होतं.” भाऊंनी त्या बियाण्याचे पैसे कधी मागितले नाहीत, पण ते वाक्य मनातून गेलं नाही.

आता दर रविवारी बारा-पंधरा माणसं, त्यातली दोघं-तिघं साठीच्या पुढची, त्यांना विचारतात, निघू का. बाकीच्यांसाठी तो राइडचा प्रश्न असतो. भाऊंना तो पायरीवरच्या माणसाच्या आवाजात ऐकू यायचा. त्यांना पावसाची भीती नव्हती. पावसाबद्दल शब्द देण्याची होती.

अशा वेळी ‘पॉझिटिव्ह विचार करा’ हा सल्ला मला निरुपयोगी वाटतो. काय विचार करायचा, की पाऊस येणारच नाही? तो येतोच. आम्ही उलटीकडून गेलो. हवामान खातं ‘तुरळक ठिकाणी पाऊस’ म्हणतं त्याचा अर्थ काय, ते कागदावर मांडलं. त्या भागातल्या पाऊस मोजणाऱ्या केंद्रांपैकी जास्तीत जास्त पाव केंद्रांवर पाऊस, असा त्याचा अर्थ. कोणत्या पाव, ते त्यात नसतं. म्हणजे सेलूला कोरडं आणि हिंगणीला धो-धो असं झालं तरी अंदाज बरोबरच. रात्री एक वाजता तिसरं ॲप उघडून जे उत्तर भाऊ शोधत होते, ते त्या ॲपमध्ये नव्हतंच.

मग मी त्यांना विचारलं, आज एखादा शेतकरी दुकानात आला तर काय सांगता? लगेच बोलले, “७५ ते १०० मिलिमीटर पडू द्या, जमिनीत ओल किती खोल गेली ते पाहा, मग पेरा.” कृषी विभागही दरवर्षी हेच सांगतो. म्हणजे दुकानात त्यांनी अंदाज सांगणं सोडून अट सांगायला सुरुवात केली होती. पाऊस पुढे येईल की नाही याची हमी त्यात नाही, आणि कुणी ती मागतही नाही. रविवारसाठी मात्र त्यांच्याकडे अशी एकही अट नव्हती, होती फक्त गच्ची.

अटी त्यांनीच लिहिल्या. मी फक्त वेड्यावाकड्या सरळ केल्या. निर्णय शनिवारी रात्री आठला, एकदाच, आणि पाळीपाळीने वेगळ्या माणसाचा. हवामान खात्याचा ऑरेंज किंवा रेड अलर्ट असेल तर राइड नाही, चर्चाही नाही. नुसता पाऊस असेल तर जायचं, पण डांबरीनेच. रपट्यावरून, म्हणजे नाल्यावरच्या ठेंगण्या पुलावरून, पाणी वाहत असेल तर पाणी किती आहे हे बघत बसायचं नाही, तिथूनच उलटं फिरायचं.

विजेवर मात्र आम्ही बराच वेळ घालवला, कारण ती भीती मला घालवायची नव्हती. चमकल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंत सेकंद मोजायचे. आवाजाला एक किलोमीटर यायला साधारण ३ सेकंद लागतात, म्हणून ३० च्या आत आवाज आला तर वीज १० किलोमीटरच्या आत आहे आणि तिथेच राइड थांबली. पक्क्या इमारतीत शिरायचं, नाहीतर बंद चारचाकीत. निंबाच्या झाडाखाली नाही, वावरातल्या मांडवाखाली नाही. सायकलचे टायर रबराचे म्हणून आपण वाचतो, हा शुद्ध भ्रम आहे. शेवटच्या गडगडाटानंतर ३० मिनिटं बाहेर पडायचं नाही. पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेचं ‘दामिनी’ ॲप आसपासच्या विजांचा इशारा देतं, ते दोघांच्या फोनवर चालू ठेवायचं. दोघांच्याच. पंधरा जण फोन बघत सायकल चालवायला लागले तर वीज राहिली बाजूला, ट्रकच उडवायचा.

आणखी एक कलम वहिनींचं. त्यांना मी एकदा बोलावून घेतलं होतं. मला वाटलं त्या म्हणतील, बंद करा ही सायकल. त्या म्हणाल्या, “मले यांच्या सायकलीचं भेव नाही वाटत. यांच्या ‘आलोच’चं वाटते.” ‘आलोच’ म्हणायचं, मग पोहे, मग फोटो, मग कुणाची पंक्चर, आणि घरी यायला बारा. पावसाआधीच्या दिवसांत आपल्याकडे गडगडाटी ढग बहुतेक दुपारनंतरच चढतात. नऊला घरी येणारा माणूस आणि बाराला येणारा माणूस यांच्या जोखमीत खरंच फरक आहे. ही गोष्ट वहिनींना कोणत्याही ॲपशिवाय कळली होती. ठरलं असं की परत फिरताना एक मेसेज, ‘फिरलो’, आणि मधे फोन नाही.

सगळं छान जुळलं असं नाही. ग्रुपमधले एक मास्तर या नियमांवर हसले. “विरघळायला साखरेचे आहेत का सगळे?” असं लिहून त्यांनी ग्रुपवर अंगठे मिळवले. भाऊ दोन दिवस रुसून बसले. मला मास्तरांचा राग आला नाही, प्रत्येक ग्रुपात असा एक असतोच आणि तो नसला तर ग्रुप बेचव होतो. पण त्यावरून भाऊंचा गृहपाठ सापडला. पुढच्या वेळी जायचं नसेल तर ‘आज येत नाही’ एवढंच लिहायचं. पोट नाही, पाहुणे नाहीत, कारणच नाही. हे त्यांना पावसात २० किलोमीटर जाण्यापेक्षा अवघड गेलं. तीनदा टाइप करून खोडलं म्हणे. पाठवल्यावर काय झालं? दोघांनी अंगठा दिला, बाकीच्यांनी पाहिलंसुद्धा नाही.

दुसरा गृहपाठ उलटा. ढग आहेत, पण वीज नाही, अलर्ट नाही, अशा दिवशी गावाबाहेर थोडंसं जाऊन यायचं, आणि धडधड झाली तरी फोन काढायचा नाही. पहिल्या वेळी धडधड चांगली अर्धा तास टिकली, मग चढ लागला आणि ती धाप कशाची हेच त्यांना कळेना. तेही मला चाललं. ती थांबवायची नव्हती, तिच्यासकट पॅडल मारता येतं एवढंच त्यांना दिसायला हवं होतं.

गणपतीच्या आधी ग्रुपने चिखलदऱ्याचा बेत केला. परतवाड्याहून घाट चढायचा, वर उंची ११०० मीटरच्या आसपास, धुकं, ओला उतार. भाऊंनी लिहिलं, ‘मी या खेपेस नाही.’ मला वाटलं जुनंच पुन्हा सुरू झालं की काय, म्हणून विचारलं. तर म्हणाले, “उतारावर रिम ब्रेक ओले झाले की माझी सायकल लवकर थांबत नाही मॅडम. डिस्क ब्रेकवाली घेतली की जातो.” त्या रात्री ते साडेदहाला झोपले होते. मास्तर गेले आणि भिजून, सर्दी घेऊन परत आले. नियमांच्या कागदाचा फोटो त्यांनी नंतर स्वतःच ग्रुपवर टाकला, अर्थात खाली साखरेचा विनोद जोडूनच.

तर विचारणाऱ्यांना माझं उत्तर. सोडायचं असेल तर जरूर सोडा, सायकल काही औषध नाही. फक्त तो निर्णय शनिवारी रात्री घेऊ नका, मंगळवारी-बुधवारी घ्या. धडधड सोमवारी कामावरही येत असेल, आठवडेच्या आठवडे झोप उडाली असेल, तर ही सायकलची गोष्ट नाही. तेव्हा मानसोपचारतज्ज्ञांना भेटा. जवळ कुणी नसेल तर टेलि-मानसचा १४४१६ हा सरकारी नंबर मोफत आहे. आणि तुमच्या ग्रुपमध्ये ‘निघू का’ हा प्रश्न दर वेळी एकाच माणसाकडे जात असेल, तर या शनिवारी तो दुसऱ्या कुणाला तरी विचारा.